ओसाड गावातलं जाहीर वाचन

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले, तुम्हीपण हात आवरा — प्रसाद कुठं पळून जात नाही! आज एकच प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर घेतल्याशिवाय कुणाला उठू देणार नाही.

एखाद्याला सांगायची गोष्ट तुम्ही सांगितलीत. मोठ्यानं सांगितलीत, नियमानं सांगितलीत! पण मुद्दाम अशा जागी जाऊन सांगितलीत, की त्याच्या कानावर जाऊ नये. तर ती सांगितली म्हणायची का? बोला की! — बघा, मागचे दोघं मान खाली घालून बसले. म्हणजे प्रश्न बरोबर जागी लागला.

तर ऐका! डोंगराच्या पायथ्याला एक गाव, उंबरदरा. हे खालचं, नवं. जुनं गाव वर पठारावर होतं. विहिरी आटल्या, साठ वर्षांपूर्वी माणसं भांडीकुंडी घेऊन खाली उतरली. वर राहिली नुसती जोती. चाळीस घरांची चाळीस जोती, मधे चावडीचं मोठं जोतं, आणि वारा! असला वारा, की तिथलं गवत जन्मल्यापासून वाकलेलंच. ताठ गवत त्या पठारानं कधी पाहिलं नव्हतं. ही गवताची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता वारा आहे म्हटल्यावर पवनचक्कीवाली कंपनी येणारच. कंपनीनं जमिनी मिळवायला, रस्ता करून द्यायला, पायाची जागा सपाट करायला एक माणूस नेमला. जयसिंग थोरवत त्याचं नाव. वाईट माणूस नव्हता हो! गोड बोलायचा, चहा पाजायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. घरी बायको रत्नप्रभा, आणि पाळण्यात सहा महिन्यांची लेक. बापाचा आवाज ऐकला की हातपाय झाडून हसायची. जयसिंगचा जीव त्या हसण्यात होता.

सात पंखे उभे करायचे होते. सहांच्या जमिनीवर सह्या झाल्या. सातवा येत होता गायरानात. गायरान गावाचं, तिथं सही एकाची लागत नाही. पण हरकत कुणाचीही चालते! म्हणून काम सुरू करण्याआधी हलगी वाजवून जाहीरनामा वाचायचा, ‘कुणाची हरकत आहे का’ असं तीनदा विचारायचं, आणि कागदावर लिहायचं.

ज्या दिवशी सातव्या पायाची चुन्याची फक्की मारली, त्या दिवशी हौसाबाई काठी टेकत वर आली. ऐंशी पार केलेली म्हातारी, बहिरी, कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणारी. फक्कीच्या मधोमध एक पांढरी गारगोटी होती, तिच्याशेजारी बसली.

म्हणाली, “लेकरा, हितं माझं बाळ हाय. पयलं. आठ दिसांचं व्हऊन गेलं. ह्यो पंखा चाळीस पावलं तिकडं सरकीव. माझी दुसरी काय बी ना न्हाय.”

जयसिंग तिच्या कानात ओरडला, “आजी, जागा ठरलीय! वाऱ्याचं मोजमाप करून ठरलीय!”

“वाऱ्याचं मोजलंस. बाळाचं कोण मोजणार?”

जयसिंगनं मनात हिशेब मांडला. चाळीस पावलं म्हणजे रस्त्याला नवं वळण, लांबलचक पात्यांची गाडी वळवायची म्हणजे आणखी कडा फोडायचा. आणि पावसाळा दोन महिन्यांवर! चावडीत वाचन झालं की म्हातारी हरकत घेणार, हे त्यानं ओळखलं. मग त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. नियम काय सांगतो? जमीन ज्या गावची, वाचन त्या गावच्या चावडीत. आणि गायरान कुठल्या गावचं? जुन्या उंबरदऱ्याचं! मग वाचायचं वरच, त्या ओसाड चावडीत! नियमाला धक्का नाही, आणि ऐकायला चिटपाखरू नाही. वा रे पठ्ठ्या! मंडळी, अक्कल देवानं देताना कशासाठी वापरा ते सांगितलं नाही, तिथंच घोळ झाला.

चैत्रातली टळटळीत दुपार. सावली पायाखाली गोळा झालेली. सोबत फक्त धर्मा कोतवाल, हलगी वाजवायला आणि साक्षीला. जयसिंग चावडीच्या जोत्यावर उभा राहिला. हलगी वाजली. त्यानं जाहीरनामा वाचला.

“कुणाची हरकत आहे का?” नुसता वारा.

“कुणाची हरकत आहे का?”

आणि वारा पडला! एकदम! जयसिंगनं खाली पाहिलं — गवत ताठ उभं होतं. पठारभर, पाती न् पाती, ताठ! धर्माची टिपरी हलगीवरच थांबली.

हळूच म्हणाला, “सायेब… मान्सं आल्यात.”

“कुठंयत?”

“जोत्या-जोत्यावर बसल्यात की. बाया डोईवर पदर घिऊन. समदी तुमच्याकडंच बघत्यात.”

जयसिंगला काही दिसेना. दिसत होती मोकळी जोती आणि ऊन. पण अंगावर सरसरून काटा आला! गर्दीसमोर उभं राहिल्यावर येतो ना, तसा. पळून जावं वाटलं. पण हातात कागद होता, आणि कागद अर्धा भरला होता. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, भराभर, तोंडातल्या तोंडात.

“चल, झालं. ‘हरकत नाही’ लिहितो. तू अंगठा कर.”

धर्मा मागं सरकला. “न्हाय सायेब. एक हात वर हाय.”

“कुणाचा?”

“दिसंना… लई बारका हाय. एवढासा.”

मंडळी, आपण असतो तर काय केलं असतं? कागद टाकून पळालो असतो! जयसिंगनं काय केलं? लिहिलं — ‘हरकत नाही’. धर्माच्या अंगठ्याच्या जागी स्वतःचाच अंगठा उठवला. आणि म्हणाला, “चल.”

धर्मा हलला नाही. “सायेब, काय म्हणालासा? वारं लई सुटलंय, ऐकू येईना.”

गवत अजून ताठच होतं.

जयसिंग घरी आला. “रत्ना, पाणी दे.” रत्नप्रभा उठली, आणि दार लावून आली. “अचानक कसलं वारं शिरलं गं बाई!” तो ओरडला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं! बायकोनं विचारलं, “नुसते ओठ काय हलवताय? घसा बसलाय का?” डॉक्टरांकडं गेला, घसा ठणठणीत! कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला, तर तो पलीकडून हसतोय, “जयसिंगराव, पठारावर उभे राहून फोन करू नका, नुसता वारा ऐकू येतोय!”

हसू नका. हसू नका, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. संध्याकाळी तो पाळण्याजवळ गेला. लेकीच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि लाडानं हाक मारली. पोरीचं जावळ भुरभुरलं. तिनं डोळे मिटून घेतले, आणि थंडी वाजल्यागत रडायला लागली. पुन्हा हाक मारली, आणखी रडली. बापाच्या आवाजानं! पाळण्याची दोरी धरून तो गडी ओक्साबोक्शी रडला, आणि त्याचं रडणंही घरात कुणाला ऐकू आलं नाही.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सकाळी सातव्या पायाला यंत्र लागणार होतं. जयसिंगनं अंघोळ केली, जाहीरनामा खिशात घातला, आणि चालत निघाला. ‘थांबा’ म्हणून यंत्रवाल्याला सांगावं तर आवाज कुठाय? जाऊन उभा राहिला तो हौसाबाईच्या दारात. म्हातारी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तो काही बोलायच्या आत म्हणाली, “ये. कवाधरनं वाट बघतीया.”

“आजी…” तो पुटपुटला.

“आरं, हळू बोल. ऐकू येतंय मला.”

बहिरी म्हातारी, मंडळी! साऱ्या गावाला जो ऐकू येईना, तो तिला ऐकू आला! जयसिंगला हुंदका फुटला. तसाच उभ्यानं त्यानं जाहीरनामा वाचला, पहिल्या ओळीपासून. “कुणाची हरकत आहे का?” आणि हौसाबाईनं सुरकुतलेला हात वर केला.

“हाय. माझ्या बाळाची हाय.”

त्यानं खाली बसून कागद गुडघ्यावर घेतला. “नाव काय लिहू, आजी?”

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. “नाव न्हाय रं. आठव्या दिशी गेलं. बारशाला चार दीस ऱ्हायलं व्हतं. मनात ठरीवलेलं, पर कुणाला सांगायचं? नाव ठेवाया बाळच न्हाय.” मग तिनं बोटानं त्याला जवळ बोलावलं. बारशाला आत्या वाकते तशी वाकली, आणि पासष्ट वर्षं पोटात ठेवलेलं नाव त्याच्या कानात सांगितलं.

जयसिंगनं ते लिहिलं. आणि लिहिता लिहिता, आपल्याला सवय असते तशी, मोठ्यानं वाचलं — “येसाजी.”

नळावर पाणी भरणारी बाई वळली. “कुणाला हाक मारताय ओ?”

ऐकू आलं! चौथ्या दिवशी गावानं त्याचा पहिला शब्द ऐकला, आणि तो शब्द त्या बाळाचं नाव होता. हौसाबाई रडली नाही. तिनं ओंजळभर शेंगा आणल्या, त्यात गुळाचा खडा ठेवला, आणि जयसिंगच्या हातावर दिल्या. बारशाला काहीतरी वाटायला नको का!

जयसिंग धावत वर गेला आणि यंत्राच्या पुढं आडवा उभा राहिला. इंजिनिअर ओरडला, कंपनी ओरडली, पुढचं काम त्याला मिळालं नाही. पण पंखा सरकला. आजही पठारावर जा, सहा पंखे एका ओळीत दिसतात, आणि सातवा चाळीस पावलं बाजूला, वाट सोडून उभा आहे. त्या मोकळ्या जागेत गारगोटी आहे, आणि तेवढ्याच जागेतलं गवत ताठ उभं असतं. मी स्वतः पाहिलंय, आणि तिथं फार वेळ थांबलो नाही.

आता तुमच्याकडं येतो. जयसिंगला नावं ठेवू नका! आपण काय निराळं करतो? भावाचा बांध कोरायचा, आणि माफी कुणाची मागायची? देवाची! सुनेला जेवताना बोल लावायचे, आणि इथं येऊन कान धरायचे! अहो, ज्याला दुखवलं तो तिकडं घरी बसलाय, आणि तुमचं जाहीर वाचन चाललंय या सभामंडपात! देव ऐकतो, मान्य. पण हरकत देवाची नव्हतीच ना!

तेव्हा आरतीआधी मी एकदाच विचारतो. तुमच्यावर कुणाची हरकत आहे का?

…थांबा. मघापासून ही समईची ज्योत फडफडत होती, ती बघा कशी सरळ उभी राहिलीय. कुणाचा तरी हात वर आहे, मंडळी. कुणाचा, ते ज्याचं त्याला ठाऊक. उठा, त्याच्या दारात जाऊन या. लाजू नका, घाईपण करू नका.

आरती मी थांबवून ठेवतो.