एक वेळचं दूध

मी बोदवडची. आमचं घर पिंजाऱ्याचं, म्हंजे कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. अब्बाचं दुकान स्टेशनच्या रस्त्याले व्हतं नी घरात बठ्ठीकडे रुई उडायची, जेवताना ताटात, झोपताना नाकात. तुम्ही मघाशी विचारलं ना ताई, तुमची बोली नेमकी कुठली, तर काय सांगू तुम्हाले, घरात उर्दू, गल्लीत बोदवडची मराठी, नी धुळ्याले दिली तिथं हे शे नी ते शे, तिन्ही एका तोंडात राहिल्या.

धुळ्याले म्हंजे देवपुरात. माझ्या अम्माची सख्खी मोठी बहीन तिथं दिलेली, ती माझी खाला, नी तिचा पोरगा रफीक. आमच्यात खालाच्या पोराशी लग्न होतं, त्यात काही वावगं नही. रफीक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचा, तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून त्याची बोटं काळी नी कडक झालेली, बोलनं कमी. पन रोज येताना पांझरेच्या पुलावरून माझ्यासाठी गरम शेंगा आनायचा, खिशातच, कागदाबिगदात नही, नी मी त्याचा शर्ट धुताना खिसे उलटे करून टरफलं झटकायची. खाला सासूसारखी कधी वागली नही. माझ्या रोट्या जाड व्हायच्या, ती म्हने जाड रोटी पोटात टिकते. असं घर व्हतं. आफरीन झाली, ती धरून धरून चालायले लागली, तिथपर्यंत तर मले दुःख म्हंजे काय ते ठाऊकच नव्हतं.

शेजारी एका घरी दर जुम्मेरातले, म्हंजे गुरुवारी, बायकांची तालीम बसायची, एक शिकलेली बाई किताब वाचून मसले, म्हंजे मजहबाचे नियम, समजावायची. खाला एकदा तिथून आली. चहा दिला तर गार झाला. मग दोन-चार दिवस जेवनच नही, मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हने डॉक्टरचं नही हे. नी एका दुपारी रफीक जेवायले आला तेव्हा तिनं आम्हा दोघांले समोर बसवलं, आफरीनले माझ्या मांडीवरून उचलून घेतलं नी सांगितलं.

माझ्या जन्माच्या वेळी खाला बोदवडले आलेली व्हती, रफीक तेव्हा तिच्या अंगावर पीत व्हता. माझ्या अम्माले असा ताप चढला की तिले शुद्ध नही, नी मी रडून रडून निळी पडलेली. तर खालानं मले पदराखाली घेतलं. एकदाच. दुसऱ्या दिवशी अम्माचा ताप उतरला, अम्माले हे माहीतही नव्हतं. लग्न ठरताना बुजुर्गांनी विचारलं व्हतं, दुधाचं काही नाही ना, तेव्हा खाला नाही म्हटली, कारन तिले वाटायचं एका वेळचं ते काय धरायचं, महिनोन्‌महिने पाजलं तर ते पाजनं. तालमीत तिले कळलं, तसं नही.

आता हे तुम्हाले समजावं म्हनून सांगते ताई. आमच्या मजहबात जी बाई दुसऱ्याच्या तान्ह्या लेकराले पाजते ती त्याची आई होते, तिची पोरं त्याचे भाऊबहीन होतात, नी भावाबहिनीचं लग्न कसं होईल. पन किती पाजलं तर, याच्यात इमामांचं वेगळं वेगळं शे. चार इमाम, चार रस्ते, चारी खरे. आम्ही हनफी, आमच्यात एक घोट पोटात गेला तरी नातं झालं. कोकनातले लोक शाफई, त्यांच्यात पाच वेळा पाजलेलं पाहिजे. देवपुरात तिकडचे एक मास्तर राहायचे, अब्बा बोदवडहून आले नी त्यांनाच जाऊन विचारलं, नी ते म्हटले, आमच्याप्रमाने तर तुमच्या पोरीचं लग्न सलामत आहे, तिच्या केसालाही धक्का नाही.

अब्बा तिथून निघाले ते सरळ आमच्या मौलानाकडे. मी नी रफीक पन गेलो, मी पडद्याआड, आफरीन माझा पदर ओढत. अब्बा म्हने, एवढ्या एका बाबतीत आम्ही त्यांच्या इमामाच्या रस्त्यानं चाललो तर. मौलाना म्हातारे, मऊ मानूस. म्हने, मी आयुष्यभर तुम्हाले एका रस्त्यानं नेलं, आज अडचन आली म्हनून दुसरा कसा दाखवू, माझं मन धजत नही. मालेगावच्या मुफ्तींना विचारा. मुफ्तींना फोन लावला, त्यांचंही तेच. पन एक गोष्ट म्हटले, जी मी विसरली नही. म्हटले की एकट्या बाईच्या साक्षीवर निकाह मोडायचा हुकूम कोनी देऊ शकत नही, दोन मर्द पाहिजेत, नही तर एक मर्द नी दोन बाया. तर सक्ती नही. फक्त नवऱ्याचं मन जर सांगत असेल की आई खरं बोलते, तर मग त्याले त्या बायकोसोबत राहता येत नही.

मग बठ्ठे रफीककडे पाहायले लागले.

मौलानांनी मले पन विचारलं, बेटी, तुला काय वाटतं. मी म्हटलं, खाला खोटं बोलत नही. दुसरं काय म्हननार व्हती. रफीक खाली सतरंजीकडे पाहत व्हता, बोटांनी तिचा दोरा उसवत व्हता. मग म्हटला, माझी अम्मा आजपर्यंत खोटं बोलली नाही. नी पडद्याकडे तोंड करून म्हटला, जैबुन, मी तुला सोडलं.

मी रडली का, असं विचारतात लोक. नही रडली. कान बंद झाल्यासारखे झाले, जिनिंगमध्ये मशीन चालू असताना होतात तसे. घरी येऊन मी पीठ मळायले बसली, तर अब्बानं परात बाजूले केली नी म्हटले, चल बोदवडले.

लोक बोलले नहीत असं नही. पन पोरगी हलाल शे, बापाच्या नावाची शे, हे मौलानांनी मशिदीत बठ्ठ्यांसमोर सांगितलं, त्याचा मले आधार झाला. इद्दत, म्हंजे नवऱ्यानं सोडल्यावर बाईनं थांबायची मुदत, मी बोदवडले काढली. ती संपल्यावर रफीक पोरीले भेटायले आला, तर मी सवयीनं उठून आत जायले लागली, गैर मर्द म्हनून. अम्मा म्हने, अगं, आता तो तुझा दूधभाऊ, त्याच्यासमोर पडदा कशाचा. मी परत येऊन बसली. तो पोरीशी खेळला, चहा प्यायला, गेला.

नंतर त्यानं दुसरं लग्न केलं, बायको चांगली शे. मले पन स्थळं आली, मी नही म्हटलं, कोनावर राग म्हनून नही, मनच व्हईना. अब्बा गेल्यावर मी जळगावले आली, गादीवाल्याकडे रजया शिवते. खाला आली की माझ्याकडेच उतरते. मले खाला नको म्हनू, अम्मा म्हन, म्हने. म्हनते मी. ती पाया पडायले लागली व्हती एकदा, मी हात धरले, म्हटलं तुम्ही मले जगवलं ना.

औंदा आफरीनचं लग्न झालं. पोरगा तिच्यासोबत नोकरीले, घर मूळ कोकनातलं, शाफई. मी काही बोलली नही, चारी रस्ते खरे. आमच्यात सयान्या, वयात आलेल्या पोरीची हो असली की निकाह होऊन जातो, त्यांच्यात बाप समोर पाहिजे, बापाच्या तोंडूनच पोरगी द्यायची. तर रफीक धुळ्याहून आला. दाढी पांढरी झाली. त्यानं जावयाचा हात हातात घेऊन म्हटलं, मी माझी मुलगी तुमच्या निकाहात दिली.

जेवायच्या वेळी मी बायकांले वाढत व्हती. रफीक दारातून मले पोरीची बॅग कुठं ठेवू विचारून गेला. पोराच्या फुफीनं, म्हंजे आत्यानं विचारलं, हे तुमचे कोन. मी म्हटलं, माझा भाऊ, नी आफरीनचा बाप. तिले काही समजेना, तर मी थोडक्यात सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हने, पन एकदाच ना, आमच्यात एकदाचं धरत नाहीत.

मी म्हटलं, हो, माहीत शे, तेव्हाच माहीत व्हतं. नी तिच्या ताटात भात वाढला.

आता पोरगी पुन्याले शे, रोज फोन करते. अल्ला तिले नी तिच्या नवऱ्याले एका घरात म्हातारं करो. माझं काय, हात चालतात तोवर सुई चालते.