डाव्या काडीचा इशारा

बसा ना शिवराज मास्तर, उभे का? — ते झेरॉक्सचे कागद सरकवा बाजूला, तोच स्टूल आहे. व्हय, म्हटलंय ना मी, संध्याकाळी ड्रम मी वाजवीन, म्हटलंय तर — अल्ला! — नाही, काही नाही, रिक्षाचा हॉर्न होता, मी दचकते अशी. ती तबकडी बघताय? बघा की, अब्बांचीच आहे. जॅझ. कव्हर फाटलंय, पण सगळ्यात वर नाव कुणाचं, वाचा — ड्रमवाल्याचं. ट्रम्पेटवाला खाली, बारीक अक्षरात. अब्बांनी भंगारातून आणली तेव्हा त्यांना इंग्रजी कुठं येत होतं, मी सातवीत, मी वाचून सांगितलं, अब्बा, ह्यांचा म्होरक्याच ड्रमवाला आहे — तर तीनदा वाचायला लावलं मला. तीनदा! मग वर्षभर ऐकून ऐकून त्या ठेक्यावर स्वतःची चीज रचली आणि तुमच्या बँडवर बसवली त्यांनी. वराती थांबायच्या हो औरंगपुऱ्यात. तुम्ही पुढं ट्रम्पेट घेऊन, अब्बा मागं, ड्रम पोटावर, आणि ड्रमच्या कातड्यावर नाव तुमचं. एकदाच म्हणाले ते, मास्तर, माझंबी नाव टाका कुठंतरी. तुम्ही काय म्हणालात? आठवत नाही? मी तिथंच होते — “गयासभाई, ढोल बडवणाऱ्याचं नाव कोण वाचतं?” हसलात. अब्बापण हसले. तेच सहन होत नाही मला, ते पण हसले.

राग? छे, राग कसला. मागच्या रमजानात अब्बा गेले, तुम्ही खांदा दिलात, विसरले नाय मी. पण परवा तुमच्याच माणसानं आजच्या कार्यक्रमाचा कागद आणला, दोनशे झेरॉक्स काढ म्हणाला, त्यात अब्बांच्या चीजेखाली — “रचना : शिवराज मास्तर”. मशीनमधून एकेक कागद येतोय, गरम गरम, आणि मी चळत लावतेय. दोनशे वेळा वाचलं. अब्बांनी तीनदाच वाचायला लावलं होतं.

असो. तालीम करायला आलात ना? काढा ट्रम्पेट, मी काउंटरवर वाजवते. आधी एकटा ड्रम, चार फेऱ्या, मग डावी काडी ड्रमच्या कडेवर — टक् — की तुम्ही शिरायचं, त्याआधी नाय, नाहीतर सगळं कोसळतं. अब्बांना यायचं हे, नाहीतर मला. एक फेरी... दोन... तीन... चार... पाच... सहा — श्वास सोडू नका मास्तर, गाल फुगवून अस्सेच उभे राहाल संध्याकाळी, समोर अख्खं सभागृह, आणि मी आपली वाजवतेय, सात, आठ, लोक आधी टाळ्या वाजवतील, मग एकमेकांकडं बघतील, मग हस —

नाही. गंमत केली. गंमत हो... कुणाला सांगायचं नव्हतं आणि तुम्हालाच सांगून बसले.

बरं, कळलं तर कळलं. ठरवलंच होतं मी. शोधा दुसरा ड्रमवाला — चार वाजलेत, सहाला कार्यक्रम, चीज कागदावर छापून बसलीये, मीच छापलीये. कुणाला येते? — मी येणार, मास्तर, वेळेवर येणार. अब्बांचाच ड्रम आणणार, नवं कातडं चढवलंय, त्यावर गयास लिहिलंय, मोठ्या अक्षरात. टक् चौथ्या फेरीला येईल का चाळिसाव्या, ते तिथं ट्रम्पेट ओठाला लावून ऐका. आयुष्यात एकदा तरी मागं कान द्या.

ती तबकडी ठेवा खाली. आणि उठा आता, गिऱ्हाईक उभंय.