वजा एक तास

—नाही, त्या खटक्याला हात नको, अण्णा. डोळ्यांनी बघा काय बघायचं ते. आणि नीट मागं टेकून बसा की. मघापासून बघतोय, खुर्चीच्या कडेला असे बसलाय जसं कुणी हाक मारली की पळायचंय. सुधींद्राचारांनी पाठवलं ना तुम्हाला? बनशंकरीच्या देवळापाशी पंचांग घेऊन बसतात, ते — नाही? मग टेलिफोन खात्यातले असाल. तर ऐका, ही सागवानी फळी माझी, आणि वरचे दिवे, चकत्या, हे टकटक करणारे रिले, सगळं रीतसर भंगाराच्या लिलावात घेतलेलं. पावती आहे. एकही तार चोरीची नाही. एक आहे, पण ती माझ्याच दाराच्या घंटीची.

भाच्याची पत्रिका दाखवायचीय म्हणता. दाखवा की. पण चिठ्ठी अशी मुठीत दाबून कुणी दाखवतं होय? असू द्या, स्वल्प घाम पुसा, तोवर फळी समजून घ्या. ही पहिली चकती तारखेची, दुसरी वेळेची. दोन्ही फिरवल्या की जन्मलग्न कुठल्या राशीचं ते फळी ठरवते. मंगळाची रास पंचांगात बघून मी तिसरीवर लावतो. मंगळ वाईट घरात पडला की हा तांबडा दिवा. पण वाईट घर कुठलं? तर तिथंही घोळ — आपले लोक पहिलं घर धरतात, इथले कानडी लोक दुसरं धरतात, म्हणून हा कडेचा खटका: वर केला की मराठी, खाली केला की इथली पद्धत. अडीचशे वर्षं झाली आपल्याला ह्या गावात येऊन, तरी खटका लागतोच. एकदा रेसकोर्सवरच्या एका मालकानं घोड्याची पत्रिका आणली. हसू नका. घोडा कडक मंगळी निघाला. मी सांगितलं, ह्याच्या शेजारून कुणाला पळवू नका. ऐकलं नाही. त्या रविवारी डावी-उजवीकडचे दोन्ही जॉकी पडले आणि हा एकटा ऐटीत पोचला. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

खाली काय बघताय वाकून? दिसला म्हणायचा तुम्हाला. सरी, बरं. फळीखाली एक खटका आहे, आहे म्हणजे आहे, त्यात लपवायचं काही नाही — लपलेला आहे तो फक्त पोरांचा हात लागू नये म्हणून. तो युद्धाचा खटका. बेचाळीसच्या सप्टेंबरात सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं केली, आठवतं? पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात परत मागं आणली. मधल्या तीन वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक लेकराची वेळ एक तास जास्त लिहिलेली. आणि ह्या सुधींद्राचारांनी तो तास कधी वजाच केला नाही! आज पासष्ट साल, म्हणजे लग्नाला आलेल्या निम्म्या पोरी त्याच तीन वर्षांतल्या. आमच्या गवीपुरातच नऊ पोरी उगाच मंगळी म्हणून घरात बसल्या होत्या. मी खटका दाबला, तास वजा झाला, सहा पोरींचा दिवा विझला. चार जणी नांदताहेत. आचार माझ्यावर जळतात ते फुकट नाही.

आमची मथुराही त्यातलीच. पंचेचाळीसचा जानेवारी. तीन स्थळं आली आणि पत्रिका बघून गेली. तिसऱ्या वेळी तर पोहेसुद्धा खाल्ले नाहीत त्यांनी. मग मी तास वजा करून नवी पत्रिका केली — स्वच्छ. आता येत्या रविवारी साखरपुडा आहे. जन्माच्या वेळेत चूक? चूक कशी होईल, यल्लव्वा सुईण हातात लेकरू घेऊन ओरडली आणि माझ्या वडिलांनी समोरच्या घड्याळात बघून लिहून ठेवलं. मोठा करारी माणूस, पिराजीराव. साऱ्या बेंगळूरनं घड्याळं पुढं केली, ह्यांनी केलं नाही. म्हणाले, गोऱ्यांच्या भांडणासाठी मी का माझा एक तास देऊ? तीन वर्षं गिरणीच्या भोंग्यानंतर तासाभरानं आमच्याकडं सात वाजायचे, मी रोज कामावर उशिरा —

काय? नाही, तसं नाही. म्हणजे ते घड्याळ पुढं नव्हतंच, मग वजा... असं बघू नका माझ्याकडं. तुम्ही कोण मला विचारणारे? आणा ती चिठ्ठी इकडं. आणा म्हणतो. हं. बेचाळीस, ऑगस्ट, एकोणीस तारीख. सकाळी आठ वाजून दहा.

थांबा जरा.

एकोणीस ऑगस्ट बेचाळीस. ही तारीख मला पाठ आहे, अण्णा. महिनाभर ह्या चकतीवर हीच लावून बघतोय. सयाजी. आमचा होणारा जावई. पण तुमच्या घरून आलेल्या पत्रिकेत वेळ सात दहाची आहे. तुम्ही त्याचे मामा ना? साखरपुड्याला येणार होतात ते? मग हा तास कुठं गेला? ऑगस्टात घड्याळं पुढं गेलीच नव्हती. वजा करायला तासच नव्हता. बघा — आठ दहा लावतो, खालच्या खटक्याला हात लावत नाही. बघा दिवा. तांबडा.

म्हणजे तुमचा भाचा मंगळी. आणि माझी मुलगी — आता ऐकलंच आहे तुम्ही, तर मंगळीच. अहो, मग दोष उरला कुठं? दोन्हीकडं मंगळ असला की आचारसुद्धा बिनघोर मुहूर्त काढतात. दोन घरांनी मिळून दोन तास गिळले, आणि कशासाठी?

तर मग सांगून टाकू दोघं. आधी तुम्ही. का, मान का हलवताय? मी आधी? बरं, मी आधी सांगायचं, मग तुम्ही तोंड मिटून बसायचं, मुलगी मंगळी म्हणून साखरपुडा मोडायचा, आणि तुमचा सयाजी सात दहाची पत्रिका घेऊन दुसऱ्या दारात उभा. असंच ना? तसा चेहरा दिसत नाही तुमचा, पण मघाशी भाचा कोण तेही सांगितलं नव्हतंत तुम्ही. ही चिठ्ठी माझ्याकडंच राहू दे. हात मागं घ्या.

तारा सगळ्या मथुरेनं जोडल्यात इथल्या. तिची नवी पत्रिका केली त्या दिवशी ती इथंच बसली होती, तिनं काम संपवून हात धुतले आणि मग म्हणाली, "अप्पा, सगळ्या पोरींचा तास तुम्ही परत दिलात. माझा तेवढा चोरलात." त्यानंतर ह्या खोलीत आलेली नाही.

घ्या तुमची चिठ्ठी. घ्या. उद्या सकाळी मी तुमच्या घरी येतो आणि सगळ्यांसमोर आमच्या घड्याळाचं सांगतो. आधी मी. मग तुम्ही काय कराल ते तुमच्या जिवाला ठाऊक. उठा आता. नाही, एक अक्षर बोलू नका, अण्णा. बोललात तर मला परत शंका येईल.