शेठच्या बोटीचा ड्राइव्ह

अरे, त्या शेठच्या बोटीचं सांगितलं का तुम्हाला? संपानंतर आमची गिरणी काही उघडली नाही. खात्यातले सगळे कोकणात गेले आणि मी शिवडीला बोटी दुरुस्त करायला लागलो. तिथे हा शेठ. बोटीत राक्षसासारखं इंजिन घातलेलं, पण मागे पाण्यात पंखा फिरवणारा ड्राइव्ह जुनाच. बोट लाटेवरून उडून आपटली की ड्राइव्हच्या गिअरचे दात गेलेच! मी नवे गिअर बसवायचे, शेजारी बसून ट्रायल घ्यायची, की थोड्या दिवसांत पुन्हा बोलावणं.

शेवटी माझी सटकली. "शेठ, ह्या इंजिनाला झेपेल असा दणकट ड्राइव्ह घ्या की एकदा! मला पुन्हा बोलवायलाच नको."

"तेच तर," शेठ म्हणाला. "मग ट्रायलला कोण येणार?"

मला वाटलं, मस्करी करतोय. मग बोटीत नीट बघितलं. सगळ्या सीटवरचं नवं प्लॅस्टिक तसंच होतं. फाटलं होतं ते फक्त त्याच्या आणि माझ्या सीटवरचं.

करी रोडच्या खोलीत माझी तरी कोण वाट बघत होतं!

"पुन्हा तसलाच गिअर बसवतो," म्हटलं. "पण शेठ, आज जरा लांबवर जाऊ."