वर्गाच्या दाराचं पॉलिश

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले माझे यजमान, जे घरून निघताना म्हणाले होते, "आज तरी कुणाला काही बोलू नकोस," आपणा सर्वांना माझा नमस्कार. यजमानांची आधीच माफी मागून ठेवते.

मघापासून माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की ही बाई मलाही एकदा भेटायला हवी होती. पुष्पगुच्छ मिळाला, मानपत्र मिळालं. शिवाय सकाळी एक भेटही मिळाली. तिच्याविषयी बोलल्याशिवाय मात्र मला खाली बसवणार नाही.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. मी इथे पहिल्या वर्षाला 'ऐतिहासिक वास्तूंचं जतन : ओळख' हा विषय शिकवत आले. ओळख म्हणजे अगदी बाराखडी. जुनी इमारत बघायची कशी आणि तिला हात लावायच्या आधी थांबायचं कसं, एवढंच. त्याचा पहिला तास मी कधी फळ्यापाशी घेतला नाही. वर्गाच्या दाराशी घेतला.

ही इमारत आधी प्रसूतिगृह होती, मग सरकारी कचेरी झाली, मग आपण आलो. दार मात्र पहिल्यापासून तेच. त्याच्या बिजागरीच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत मी रंगाचे थर पायरी-पायरीनं उघडे केले होते. वर आपला क्रीम, त्याखाली कचेरीचा चॉकलेटी, त्याखाली टंचाईच्या काळातला राखाडी, कारण तेव्हा म्हणे बाजारात दुसरा मिळतच नसे, आणि सगळ्यांत खाली प्रसूतिगृहाचा फिकट पिवळा. मी मुलांना विचारायची, "या दारात किती माणसं दिसतात?" मुलं हसायची. "दारात कुठली माणसं, मॅडम?" मग हळूहळू एकेक जण बोलायला लागे. हा पिवळा कुणीतरी निवडला असेल ना? बाळंतिणींना जरा प्रसन्न वाटावं म्हणून? तास संपल्यावर त्या दाराला लाथ मारून कुणी बाहेर पडत नसे. तेवढं झालं, की माझा निम्मा विषय शिकवून झालेला असे.

आज सकाळी मला दोघी विद्यार्थिनींनी हाताला धरून आणलं. "मॅडम, डोळे मिटा." मिटले. "आता उघडा." उघडले. समोर दार. सगळा रंग खरवडलेला, लाकूड घासलेलं, वर चकचकीत पॉलिश. टाळ्या झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा फोटो आता कॉलेजच्या ग्रुपवर फिरतोय आणि खाली लिहिलंय, 'मॅडम भारावल्या'. मंडळी, मी भारावले वगैरे नव्हते. माझा संताप झाला होता.

पॉलिशवाल्यांविषयी माझी काही तक्रार नाही. काम त्यांनी चोख केलंय. फटीतसुद्धा रंगाचा कण सोडलेला नाही. मी नखानं उकरून पाहिलं.

चहाच्या वेळी मी हे काम करवून घेणाऱ्या आमच्या धाकट्या मॅडमना गाठलं. माझ्यानंतर हा विषय त्या शिकवणार आहेत. माझ्याच विद्यार्थिनी, त्याच दाराशी उभ्या राहून शिकलेल्या. म्हटलं, "अगं, निदान थरांची ती तळहाताएवढी जागा तरी ठेवायचीस!"

"मनात आलं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या, "पण एवढं सुंदर दार, आणि मधेच तो डाग... कसंतरीच दिसलं असतं."

डाग!

तेवढ्यात एक विद्यार्थी मला धीर द्यायला पुढे आला. "टेन्शन घेऊ नका, मॅडम. सगळ्या थरांचे फोटो आहेत आपल्याकडे. म्हणाल तर त्याच क्रमानं पुन्हा रंगवून देतो." अरे बाळा, तुला मी याच विषयात प्रथम श्रेणीत पास केलंय! पिवळा रंग तू दुकानातून आणशील, तो निवडणारं माणूस कुठून आणशील?

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत. त्यांचा अधिकार आहे. पण मी काही दर वर्षी निवृत्त होणार नाही, तेव्हा अजून थोडं सहन करावं.

तुमच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही. खरं सांगू? मला भीती वाटते ती मायेच्या माणसांचीच. इमारत पाडायला आलेल्याशी भांडता तरी येतं. कौतुकानं घासायला आलेल्याशी कसं भांडायचं?

आता माझ्या भाषणानंतर दारावरच्या पितळी पाटीचं अनावरण आहे. तिच्यावर म्हणे लिहिलंय, की माझ्या सन्मानार्थ दाराला मूळ रूप परत दिलं. प्राचार्य महोदय, हात जोडून विनंती करते, ते अनावरण करू नका. या दाराचं मूळ रूप पिवळं होतं. सुताराच्या हातून सुटल्यापासून ते असं उघडं आज पहिल्यांदा पडलंय.

आणि धाकट्या मॅडम, सोमवारी नवा वर्ग येतोय. पहिला तास दाराशीच घ्या. मुलांना सांगा, इथे चार रंग होते, चार वेळा कुणीतरी विचार करून लावलेले, आणि ते आपण स्वतः काढले. कुणीतरी नक्की विचारेल, "मॅडम, तेव्हा तुम्ही होतात?" खोटं बोलू नका. हो म्हणताना तुमचा आवाज कापला, तर माझी इतकी वर्षं वाया गेली नाहीत असं मी समजेन. नाही कापला, तर कृपा करून दुसरा विषय शिकवा.

आपण सर्वांनी आजवर मला सांभाळून घेतलंत, आजही ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी जीभ जरा जास्तच चालली. ज्यांना दुखावलं असेल त्यांनी मोठ्या मनानं...

धाकट्या मॅडम, कुठे निघालात? काय? मोठ्यानं बोला... स्क्रूड्रायव्हर? कार्यालयातल्या कपाटात, खालच्या कप्प्यात.

जाऊ द्या त्यांना, कुणी अडवू नका. आणि अहो मॅडम, पाटी काढलीत की स्क्रूची भोकं बुजवू नका. ती तशीच राहू देत.