मायचं चित्र

वणीच्या त्या चित्रकार पोरायचं सांगतलं का मी तुमाले? स्वतःच्याच हिमतीवर त्यायनं जुन्या जिनिंगच्या गोदामात चित्रं मांडली होती. घरातल्या वारलेल्या माणसाचा फोटो नसंल, तर आपण नुसतं सांगायचं अन् ते चेहरा काढून देत.

माह्या मायचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा आठवणाऱ्या आता दोघीच, मी अन् धाकटी बहीण सुमी. म्हणून मी गेली.

चित्र काढणारी पोरगी म्हणे, "आजी, नाक कसं होतं?"

"शेंड्याले जरासं बसकं."

"अन् डोळे?"

"तिनं पाह्यलं का आपलं काही तरी चुकलंच, असं वाटे."

पोरगी हसली. खोडू खोडू तिनं चित्र पुरं केलं. मले पटलं, पण धाकधूक होतीच. मलेच खोटं आठवत असंल तर?

मंग सुमीले आणलं अन् काही न सांगता चित्रापुढं उभं केलं. नातवंडायची आजी ते, पण तिनं झटकन डोक्यावर पदर घेतला अन् हातातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी पाठीमागं लपवली.

पोरगी घाबरली. "आजी, चुकलं का माझं काही?"

म्या तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही वं पोरी. देव तुहं भलं करो. मायच हाये."