चौथा इम्प्लांट

डॉक्टर : आणखी मोठं उघडा सर. हां, असंच.

सर : आँ. आँआँ.

डॉक्टर : नाही, इम्प्लांट तपासायचा हा पाना मीच धरणार. आज तुम्ही पेशंट आहात.

सर : ऊं.

बाई : जन्मभर पोरांना दातांची डॉक्टरकी शिकवली. आता स्वतःचं तोंड उघडताना बघ कसा जीव जातोय.

डॉक्टर : काकू, हसवू नका, हात हलेल. …तीन स्क्रू हाडात घट्ट बसलेत. हा मागचा, चौथा… फिरतोय.

सर : फिरत नाहीये.

डॉक्टर : बंद का केलंत तोंड? तुमची भुवई उडाली सर. पाना फिरला तेव्हाच.

सर : बाकीचे तिघं भार घेतील. वरचा दातांचा ब्रिज आजच बसव. उद्या माझा निरोप समारंभ आहे, सगळं कॉलेज समोर असेल. कवळी लावून बोललो की 'स'ला शिट्टी वाजते.

डॉक्टर : वाजू दे. चौघांवर मिळून एकच ब्रिज. हाडानं धरायच्या आत हा हलला, तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल.

सर : पुस्तकातलं मला नको सांगूस.

डॉक्टर : पुस्तकातलं कुठलं? तुमच्याच वर्गातलं आहे.

सर : साखर आटोक्यात आहे. सिगारेट सोडली. आणखी काय पाहिजे तुला?

डॉक्टर : झोपेत दात खाता?

सर : छे.

बाई : छे काय? करकर, करकर. त्यापायी मी दुसऱ्या खोलीत झोपते.

सर : तू जरा बाहेर बस.

बाई : बसले असते, तर हिला कळलं असतं का?

डॉक्टर : सर, मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला.

सर : खरं सांगितलं असतं, तर तू आजच दात बसवायला हो म्हणाली नसतीस.

डॉक्टर : नसतेच म्हणाले.

सर : …मी सांगतोय म्हणून बसव. तुझा सर म्हणून सांगतोय.

डॉक्टर : नाही.

सर : भीती नाही वाटत माझी?

डॉक्टर : वाटते ना. सकाळपासून वाटतेय. कॉलेजात तोंडी परीक्षेला वाटायची, तशीच.

सर : मग?

डॉक्टर : मग काय. हिरडी शिवून टाकते, हाडाला सावकाश धरू दे. जुनी कवळी आतून मऊ करून देते, उद्या तीच लावून बोला. उघडा तोंड.

(सर डोकं पुन्हा खुर्चीला टेकवतात.)

सर : आँ.

(दोऱ्याला कात्री लागल्याचा आवाज.)

डॉक्टर : झालं. आरसा देऊ?

सर : नको. जिभेला कळतंय. …काय गं, तुझी ती खालची दाढ अजून दुखते?

बाई : दुखते की. तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, आणि तुमचा हात आता थरथरतो. मग सांगू कुणाला?

सर : मी उठतो. तू बस इथं. हिला दाखव.